शिशाचा हिशेब: आकाशातल्या दगडापासून मुलांच्या रक्तापर्यंत

आजची पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, किंवा सेव्ह करून मुलं झोपल्यावर वाचा.

अमेरिकेत मूल वर्षाचं झालं की बऱ्याच ठिकाणी डॉक्टर एक तपासणी सांगतात. बोटाला टोचून रक्ताचा थेंब घेतात आणि त्यात शिसं, म्हणजे लेड, किती आहे ते बघतात. दर थोड्या दिवसांनी कुणीतरी नवी आई विचारते, "हे कशाला? आमच्या वेळी तर कुणी केलं नव्हतं." मग कुणी सांगतं, जुन्या घरांच्या रंगात शिसं असतं म्हणून. ते खरंच आहे. पण या तपासणीमागचा इतिहास रंगापाशी सुरू होत नाही, डॉक्टरांपाशीही नाही. त्यातला मोठा भाग सुरू होतो आकाशातून पडलेल्या एका लोखंडी दगडापाशी आणि पृथ्वीचं वय शोधायला निघालेल्या एका रसायनशास्त्रज्ञापाशी.

मी सीए. रसायनशास्त्राशी माझी फारकत दहावीनंतरच झाली. पण हा इतिहास वाचताना मला सारखं वाटत होतं की हे तर आमच्याच धंद्यातलं आहे. आरंभीची शिल्लक, अखेरची शिल्लक, व्याज, ताळा, सगळं आहे यात. म्हणून त्याच भाषेत सांगते.

आधी एक माप डोक्यात पक्कं करू. शास्त्रज्ञ "एक अब्जांश" म्हणतात, इंग्रजीत पार्ट्स पर बिलियन. म्हणजे किती? एक कोटी रुपयांत एक पैसा. पैशांत मोजलं तर एक कोटी रुपये म्हणजे शंभर कोटी पैसे, म्हणजेच एक अब्ज. हे माप पुढे पुन्हा पुन्हा लागणार आहे. दगडांत, अशनींत (आकाशातून पडलेल्या दगडाला अशनी म्हणतात) किंवा रक्तात काही मूलद्रव्यं इतकी कमी असतात की त्यांचा हिशेब म्हणजे करोडोंच्या ताळेबंदात पैशा-पैशाचा मेळ घालणं.

आता प्रश्न. पृथ्वीचं वय किती?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कळलं होतं की युरेनियम आपोआप, ठरलेल्या वेगाने, शिशात बदलत जातं. खडकात युरेनियम किती उरलं आणि शिसं किती साठलं हे मोजलं तर खडक किती जुना ते सांगता येईल. आपल्या भाषेत, युरेनियम ही ठेव आणि शिसं हे तिचं व्याज. दर माहीत, व्याज माहीत, तर मुदत काढता येते.

पण यात दोन अडचणी होत्या. पहिली अशी की सगळं शिसं सारखं नसतं. शिशाचे चार प्रकार आहेत, म्हणजे समस्थानिक: २०४, २०६, २०७ आणि २०८. रासायनिक गुण तेच, फक्त वजनात किंचित फरक. युरेनियम-२३८ पासून शिसं-२०६ तयार होतं, युरेनियम-२३५ पासून शिसं-२०७, आणि थोरियमपासून शिसं-२०८. शिसं-२०४ मात्र कशापासूनच तयार होत नाही. जेवढं पहिल्या दिवशी होतं तेवढंच आजही आहे. म्हणजे एका खात्यात चार नोंदी, त्यातल्या तीन वाढणाऱ्या आणि एक स्थिर. हे चार वेगळे करायचे कसे? तराजूवर होत नाहीत, रसायनानेही होत नाहीत.

इथे मास स्पेक्ट्रोमीटर कामाला येतो. नाव भारी आहे, कल्पना सोपी आहे. नमुन्यातलं शिसं शुद्ध करून धातूच्या बारीक पट्टीवर ठेवतात आणि पट्टी तापवतात. शिशाचे अणू विद्युतभार घेऊन निघतात. त्यांना निर्वात नळीतून पळवतात आणि वाटेत चुंबकाने वळण देतात. वळणावर रिकामी रिक्षा झटकन वळते, लादलेला ट्रक मोठा वळसा घेतो. तसंच इथे होतं. हलका अणू जास्त वळतो, जड अणू कमी वळतो, आणि प्रत्येक वजनाचे अणू पलीकडे वेगळ्या जागी पोचतात. तिथे ते मोजायचे.

इंग्लंडमध्ये जे. जे. थॉमसन यांनी १९१२-१३ च्या सुमारास निऑन वायू असा वळवून पाहिला, तेव्हा त्यात दोन वेगळ्या वजनांचे अणू दिसले. त्यांचे सहकारी फ्रान्सिस ॲस्टन यांनी १९१९ मध्ये त्याचं नीट यंत्र केलं आणि १९२२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवलं. पुढे १९३० च्या दशकाच्या अखेरीस आल्फ्रेड नीर या अमेरिकन शास्त्रज्ञाने वेगवेगळ्या खाणींतल्या शिशाचे समस्थानिक मोजले. नीर यांच्या आकड्यांवरून १९४६ मध्ये ब्रिटनमधले आर्थर होम्स आणि जर्मनीतले फ्रिट्झ हाउटरमन्स यांनी, एकमेकांना न विचारता, जवळजवळ एकच समीकरण मांडलं. होम्स यांचं उत्तर आलं ३०० कोटी वर्षांच्या वर.

आता दुसरी अडचण, आणि माझ्या मते खरी अडचण हीच. आरंभीची शिल्लक कुणालाच माहीत नव्हती. पृथ्वी तयार झाली तेव्हा तिच्यात काही शिसं आधीपासूनच होतं. त्यात चार समस्थानिकांचं प्रमाण काय होतं? ते कळल्याशिवाय आजच्या शिल्लकेतलं मूळ किती आणि व्याज किती, हे सांगता येत नाही. ओपनिंग बॅलन्स नसलेली वही कुठलाही ऑडिटर पास करणार नाही. आणि पृथ्वीवर ही शिल्लक सापडण्याची आशा नाही, कारण इथले खडक वितळले, मिसळले, पुन्हा घडले. वहीची पहिली पानं केव्हाच गळून गेली आहेत.

शिकागो विद्यापीठातल्या हॅरिसन ब्राउन यांना सुचलं की वहीची दुसरी प्रत आकाशात असेल. पृथ्वी आणि अशनी एकाच ढगातून, एकाच काळात जन्मले असं मानलं, तर लोखंडी अशनींत ट्रॉइलाइट नावाचं लोह आणि गंधकाचं खनिज असतं. त्यात थोडं शिसं असतं, पण युरेनियम जवळजवळ नसतंच. ठेवच नाही तर व्याज कुठून चढणार? म्हणजे त्या शिशाची शिल्लक पहिल्या दिवशी होती तशीच गोठलेली असणार. ब्राउन यांनी हे काम आपल्या एका विद्यार्थ्याला दिलं. त्याचं नाव क्लेअर पॅटरसन.

पॅटरसन यांचा जन्म १९२२ चा, आयोवामधल्या एका छोट्या गावातला. दुसऱ्या महायुद्धात ते अणुबॉम्बच्या प्रकल्पात टेनेसीतल्या ओक रिजला होते आणि मास स्पेक्ट्रोमीटर तिथेच शिकले. शिकागोत त्यांच्या जोडीला जॉर्ज टिल्टन हा विद्यार्थी होता. काम वाटून घेतलेलं: झिरकॉन या खनिजाच्या बारीक कणांतलं युरेनियम टिल्टन मोजणार, शिसं पॅटरसन मोजणार. खडकाचं वय आधीच माहीत होतं, त्यामुळे शिसं किती निघायला हवं हेही माहीत होतं. ही फक्त पद्धतीची चाचणी होती.

टिल्टन यांचे आकडे जुळले. पॅटरसन यांचे जुळेनात. शिसं अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त येत होतं, आणि दर वेळी वेगळं येत होतं.

इथे ते मोजत कसे होते ते सांगायला हवं, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही. पद्धतीचं नाव आयसोटोप डायल्यूशन. समजा, मोठ्या डब्यात पांढरी चवळी आहे आणि किती दाणे आहेत ते हवंय. सगळे मोजणं शक्य नाही. मग त्यात मोजून १०० दाणे लाल चवळीचे टाका आणि नीट मिसळा. आता मूठभर काढा. एका लाल दाण्यामागे २० पांढरे निघाले, तर डब्यात साधारण २००० पांढरे दाणे आहेत. पॅटरसन "लाल चवळी" म्हणून असं शिसं टाकायचे ज्यातल्या समस्थानिकांचं प्रमाण मुद्दाम बदललेलं आणि आधीच मोजलेलं असे. या पद्धतीची खुबी बघा. एकदा मिसळल्यावर अर्धी चवळी जमिनीवर सांडली तरी उत्तर बदलत नाही, कारण प्रमाण तेच राहतं. अब्जांशाच्या कामात हा मोठा आधार आहे.

पण एका गोष्टीला ही पद्धत अजिबात दाद देत नाही. कुणी बाहेरून मूठभर पांढरी चवळी डब्यात टाकली तर उत्तर चुकतं, आणि चुकलंय हे कळतही नाही.

पॅटरसन यांनी मग दगडच न घालता सगळी कृती करून पाहिली. तीच भांडी, तीच आम्लं, तेच पाणी, फक्त नमुना नाही. याला "ब्लँक" म्हणतात. उत्तर शून्य यायला हवं. आलं नाही. म्हणजे शिसं दगडातलं नव्हतंच. ते नळाच्या पाण्यात होतं, काचेच्या भांड्यांत होतं, बाटलीबंद आम्लांत होतं, हवेतल्या धुळीत होतं, कपड्यांवर, केसांत, हाताच्या कातडीवर होतं. दगडाचा हिशेब करायला बसलेला कारकूनच खिशातली नाणी गल्ल्यात पाडत होता.

त्या काळात बहुतेकांनी काय केलं असतं? सरासरी काढली असती, "एवढा फरक चालायचाच" म्हटलं असतं आणि पेपर छापला असता. पॅटरसन यांनी पुढची कित्येक वर्षं शिसं कुठून येतं हे शोधण्यात आणि ते एकेक करून बंद करण्यात घालवली. पाणी आणि आम्लं स्वतः पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातन करून शुद्ध करायची. भांडी आम्लात उकळायची. १९५२ मध्ये ते ब्राउन यांच्याबरोबर कॅलिफोर्नियात पॅसाडिनाच्या कॅलटेकमध्ये आले आणि तिथे नवी प्रयोगशाळा उभी केली. आत गाळलेली हवा, आणि तिचा दाब बाहेरच्यापेक्षा थोडा जास्त, म्हणजे दार उघडलं तरी हवा बाहेर जाणार, धूळ आत येणार नाही. आज औषधांच्या आणि कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यांत ज्याला क्लीन रूम म्हणतात, त्याच जातीची, पण त्यांच्याआधीची ही खोली. एकच एक शिसं बाहेर ठेवण्यासाठी बांधलेली.

मग अशनी. तो होता कॅनियन डायाब्लो. ॲरिझोनात विन्सलो गावाजवळ सुमारे ५०,००० वर्षांपूर्वी एक मोठा लोखंडी अशनी आदळला आणि १.२ किलोमीटर रुंदीचा खड्डा पडला. तुमच्यापैकी जे ग्रँड कॅनियनची ट्रिप करून आलेत, त्यांतल्या काहींनी वाटेत हा मिटिऑर क्रेटर पाहिला असेल आणि म्हटलं असेल, "अरे, हे तर आपलं लोणार!" खरंच आहे. बुलढाण्याचं लोणारही अशाच आघाताने तयार झालेलं आहे, आणि ते याहून रुंद आहे. फक्त लोणार काळ्या बेसॉल्टमधलं, सरोवर असलेलं, आणि ॲरिझोनाचं कोरडं. त्या खड्ड्याच्या आसपास विखुरलेल्या तुकड्यांना कॅनियन डायाब्लो अशनी म्हणतात.

त्यातल्या ट्रॉइलाइटमधलं शिसं पॅटरसन यांनी वेगळं केलं आणि १९५३ मध्ये शिकागोजवळच्या आर्गोन नॅशनल लॅबोरेटरीत नेऊन तिथल्या मास स्पेक्ट्रोमीटरवर लावलं. आरंभीची शिल्लक अखेर हातात आली.

पुढचा हिशेब सुंदर आहे. दगडी अशनींत युरेनियम असतं, त्यामुळे त्यांत व्याज चढलेलं. लोखंडी अशनीत ते चढलेलं नाही. दोन्हींतला फरक म्हणजे निव्वळ व्याज. आणि ठेवी दोन आहेत, वेगळ्या दराच्या. युरेनियम-२३८ निम्मं व्हायला सुमारे ४४७ कोटी वर्षं लागतात, युरेनियम-२३५ ला सुमारे ७० कोटी. एकाच दिवशी उघडलेल्या, वेगळ्या दरांच्या दोन ठेवींची व्याजं शेजारी ठेवली की त्यांच्या प्रमाणावरून मुदत निघते. प्रत्येक दगडात मूळ ठेव किती होती हे वेगळं मोजावंही लागत नाही.

१९५६ मध्ये पॅटरसन यांनी तीन दगडी आणि दोन लोखंडी अशनींचे आकडे छापले. आलेखावर सगळे एका सरळ रेषेत बसले. रेषेचा उतार सांगत होता: ४५५ कोटी वर्षं, सात कोटी इकडे किंवा तिकडे. मग त्यांनी पृथ्वीचं शिसं, समुद्राच्या तळावरच्या गाळातलं, त्याच आलेखावर मांडलं. तेही त्या रेषेवर येऊन बसलं. पृथ्वी आणि अशनी एकाच कुटुंबातले, एकाच काळात जन्मलेले. आज मुलांच्या पुस्तकात ४५४ कोटी वर्षं लिहिलेलं असतं. इतक्या वर्षांत, इतकी चांगली यंत्रं येऊनही, तो आकडा जवळजवळ हललेला नाही.

इथे गोष्ट संपली असती तर ती फक्त विज्ञानाच्या पुस्तकात राहिली असती. पण पॅटरसन यांच्या डोक्यात ब्लँकचा प्रश्न राहिला होता. प्रयोगशाळेत शिसं सगळीकडे होतं हे ठीक. पण मग प्रयोगशाळेबाहेर? एवढं शिसं आलं कुठून?

त्यांनी समुद्राचं पाणी तपासलं. खोल पाण्यापेक्षा पृष्ठभागाजवळ शिसं कितीतरी जास्त निघालं. खालचं पाणी जुनं, वरचं नवं. म्हणजे शिसं अलीकडेच, वरून, हवेतून पडत होतं. मग ग्रीनलंडचा बर्फ. तिथे दर वर्षाचा थर खालच्या थरावर बसतो, म्हणजे तारीख घातलेली रोजकीर्द. इसवी सनापूर्वी ८०० च्या सुमाराच्या बर्फाच्या तुलनेत १९६० च्या दशकातल्या बर्फात शिसं दोनशे पटींहून जास्त, आणि सगळ्यात तीव्र वाढ १९४० नंतरची. हे काम १९६९ मध्ये छापून आलं.

१९४० नंतर काय वाढलं? मोटारगाड्या. १९२१ मध्ये जनरल मोटर्समधल्या थॉमस मिजली यांना सापडलं होतं की पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड मिसळलं की इंजिन खडखडत नाही. १९२३ मध्ये ते पेट्रोल विकायला आलं. १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे रिफायनरीत ते बनवणारे कामगार भ्रमिष्ट झाले आणि पाच जण दगावले. तरीही विक्री चालू राहिली, आणि काही दशकांत जगभरातल्या गाड्यांच्या धुरातून शिसं बाहेर पडू लागलं.

उद्योगाच्या बाजूने बोलणारे मोठे तज्ज्ञ होते रॉबर्ट कीहो. त्यांचा मुद्दा ऐकायला अगदी वाजवी वाटतो. शिसं निसर्गात आहेच, सगळ्यांच्या शरीरात थोडं असतंच, शरीर ते बाहेर टाकतं, ठरावीक मर्यादेच्या खाली काही धोका नाही. ती मर्यादा ते रक्ताच्या दर डेसिलिटरला ८० मायक्रोग्रॅम धरायचे. आपल्या मापात, एक कोटी रुपयांत साधारण आठ रुपये.

पॅटरसन यांनी १९६५ मध्ये एक लेख लिहिला आणि याच मुद्द्यावर बोट ठेवलं. त्यांचं म्हणणं असं: तुम्ही ज्यांच्याशी तुलना करताय ती माणसंही त्याच शिशाच्या जगात राहतात. सगळ्यांच्या शरीरात आहे याचा अर्थ ते नेहमीचं झालंय, नैसर्गिक आहे असा होत नाही. खडक, समुद्र आणि बर्फाच्या हिशेबावरून त्यांनी अंदाज मांडला की सर्वसाधारण अमेरिकन माणसाच्या शरीरात नैसर्गिकपेक्षा सुमारे १०० पट शिसं आहे. पुढे १९७९ मध्ये पेरूतल्या सुमारे १६०० वर्षांपूर्वीच्या माणसांच्या हाडांशी आजच्या हाडांची तुलना झाली, तेव्हा फरक त्याहूनही मोठा, शेकडो पटींचा निघाला.

ऑडिटच्या भाषेत, कीहो वहीतली बेरीज तपासत होते आणि ती बरोबर येत होती. पॅटरसन विचारत होते, ओपनिंग बॅलन्स कुठून घेतला? तो घेतला होता शिसं आधीच मिसळलेल्या जगातून.

१९६६ मध्ये सिनेटर एडमंड मस्की यांच्या समितीसमोर दोघांच्याही साक्षी झाल्या. पॅटरसन यांना ते सोपं गेलं नाही. तेल उद्योगाकडून येणारा संशोधनाचा निधी थांबला. १९७१ मध्ये हवेतल्या शिशावर राष्ट्रीय समिती बसली तेव्हा, हे मोजण्यात त्या वेळी त्यांच्याइतका हात बसलेला दुसरा कुणी क्वचितच असेल, तरी त्यांना घेतलं नाही.

ते मोजतच राहिले. त्यातला एक नमुना मला फार आवडतो. १९८० मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकारी डोरोथी सेटल यांनी ट्युना माशातलं शिसं मोजलं. सरकारी प्रयोगशाळेच्या आकड्यांत ताज्या माशात आणि डब्यातल्या माशात फारसा फरक नव्हता, म्हणून डब्याला दोष देता येत नव्हता. पॅटरसन यांच्या स्वच्छ खोलीत ताज्या माशातलं शिसं त्या आकड्याच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी निघालं. म्हणजे सरकारी आकडा माशाचा नव्हताच, प्रयोगशाळेतल्या घाणीचा होता. आणि शिशाने झाळलेल्या डब्यातल्या माशात मात्र हजारो पट जास्त शिसं होतं. ब्लँक नीट न काढल्यामुळे डबा निर्दोष सुटत होता.

याच काळात दुसरीकडून मुलांचा पुरावा येत होता. हर्बर्ट नीडलमन या डॉक्टरांनी बॉस्टनजवळच्या शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले आणि त्यांतलं शिसं मोजलं. १९७९ मध्ये त्यांनी दाखवलं की ज्यांच्या दातांत शिसं जास्त, त्या मुलांचे बुद्धिमापनाचे गुण कमी आणि वर्गात लक्ष लागण्यात अडचण जास्त. ही मुलं आजारी दिसत नव्हती. वरवर पाहता सगळी धडधाकट.

अमेरिकेत १९७० च्या दशकात पेट्रोलमधलं शिसं कमी करायला सुरुवात झाली, आणि १ जानेवारी १९९६ पासून रस्त्यावरच्या गाड्यांसाठी ते पूर्ण बंद झालं. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या लहान मुलांच्या रक्तात सरासरी सुमारे १५ मायक्रोग्रॅम शिसं होतं, म्हणजे कोटीत दीड रुपया. आज ती सरासरी १ च्या खाली आहे. ब्रिटनमध्ये शिशाचं पेट्रोल २००० च्या सुरुवातीला गेलं, भारतात १ फेब्रुवारी २००० पासून, आणि जगात सगळ्यात शेवटी, २०२१ मध्ये, अल्जीरियात. पॅटरसन १९९५ मध्ये गेले. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीने त्यांना सदस्य करून घेतलं तेव्हा १९८७ साल उजाडलं होतं, पृथ्वीचं वय सांगून तीस वर्षं झाल्यावर.

आता आपल्याकडे येते. भारतातली तारीख पुन्हा बघा. २०००. म्हणजे माझ्या वयाचे आपण सगळे पुण्या-मुंबईच्या, नाशिक-नागपूरच्या रस्त्यांवर त्याच धुरात वाढलो. त्यामुळे "आम्ही नाही का वाढलो? आम्हाला काय झालं?" हे वाक्य मला आता वेगळं ऐकू येतं. घरातल्या मोठ्यांचं ते प्रेमाचं वाक्य आहे, पण तो कीहोंचाच युक्तिवाद आहे. आपल्याला काही झालं नाही हे कुणी मोजलं होतं? आपण तुलना कुणाशी करतोय? त्याच धुरात वाढलेल्या वर्गमित्रांशी.

पेट्रोल गेलं, पण शिसं घरात यायच्या वाटा राहिल्यात, आणि त्यांतल्या काही आपल्या सामानाच्या बॅगेतून येतात. बांगलादेशातल्या गरोदर स्त्रियांच्या रक्तात शिसं जास्त का, हे शोधताना २०१९ मध्ये संशोधकांनी पॅटरसन यांचंच हत्यार वापरलं. रक्तातल्या शिशाच्या समस्थानिकांचं प्रमाण काढलं आणि संशयितांशी ताडून पाहिलं. प्रमाण जुळलं हळदीशी. हळकुंडं पिवळीधमक दिसावीत म्हणून व्यापारी त्यांना लेड क्रोमेट नावाचा रंग चोळत होते. हळकुंडांनाच चोळत होते, त्यामुळे "मी अख्खी हळकुंडं आणून घरी दळते" एवढ्यावर निर्धास्त होता येत नाही. तिथल्या सरकारने छापे घातले, लोकांना सांगितलं, आणि २०२१ पर्यंत बाजारातल्या तपासलेल्या नमुन्यांतून ते शिसं नाहीसं झालं. मोजलं म्हणून कळलं, आणि कळलं म्हणून थांबलं.

तसंच काजळ आणि सुरमा. बाजारातल्या कित्येक प्रकारांत शिसं सापडतं, आणि अमेरिकेच्या एफडीएची त्यांना परवानगी नाही. सिंदूरचंही तेच. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या आणि भारतातल्या दुकानांतले नमुने तपासले तेव्हा बहुतेकांत शिसं निघालं. २००४ मध्ये बॉस्टनच्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, त्यांतल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक होतं. नागभस्मातला "नाग" म्हणजे तर शिसंच.

घाबरवायचा हेतू नाही. हळद टाकून देऊ नका, आजीशी भांडू नका. पण हिशेबाला तीन गोष्टी जोडा. एक, डॉक्टरांनी शिशाची तपासणी सांगितली तर टाळू नका, आणि सांगितली नाही तर विचारा. अमेरिकेत सध्या ३.५ मायक्रोग्रॅम हा आकडा धरतात. त्याच्या वर आलं तर कारण शोधायला सुरुवात करतात. त्याच्या खाली म्हणजे सुरक्षित असा त्याचा अर्थ नाही, मुलांसाठी कुठलीच सुरक्षित पातळी सापडलेली नाही. दोन, डॉक्टर "जुनं घर आहे का?" एवढंच विचारतील. काजळ, गावाहून आलेले मसाले, भस्म, गुटी यांचं आपणहून सांगा, त्यांच्या फॉर्मवर हे रकाने नसू शकतात. तीन, सुट्या, बिनलेबलच्या हळदीपेक्षा तपासणी करणाऱ्या उत्पादकाची घ्या, आणि बाळाच्या डोळ्यात बाजारचं काजळ नको. दृष्ट काढायला आपल्याकडे मीठ-मोहऱ्या आहेतच.

मुलं शाळेत पृथ्वीचं वय शिकली की त्यांना ही गोष्ट सांगा. विशेषतः तो भाग, जिथे एक माणूस दगड बाजूला ठेवून आधी रिकामं भांडं मोजतो. मोठ्या मुलांना लाल-पांढऱ्या चवळीचा प्रयोग स्वयंपाकघरात करायला द्या, अर्ध्या तासात होतो आणि उत्तर बरंच जवळ येतं.

तुमच्या देशात, यूके, दुबई, मॉरिशस, इस्रायल, कुठेही, लहान मुलांची शिशाची तपासणी होते का? कोण करतं, कितव्या महिन्यात? खाली लिहा. मी सगळं एका तक्त्यात घालून पुढच्या आठवड्यात टाकते.